स्पीड नंतर विचारा, आधी खांब मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, कंपनीने घरून काम करायला परवानगी दिलीय, महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवावं लागेल. गाव गुहागर तालुक्यात, घरी आई-वडील दोघंच. वाडीत फायबर आलंय, १०० एमबीपीएस मिळतात. ‘एवढं पुरेल ना? इन्व्हर्टर केवढा घेऊ? पुण्याला ये-जा जमेल? आणि घरी खरंच काम होतं का?’

मी याच तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे राहतो. सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. वीसेक वर्षं झाली, त्यातली गेली काही वर्षं इथूनच. रात्री-अपरात्री कुठे काही बंद पडलं की फोन मला येतो. त्यामुळे इथल्या विजेशी, वायरींशी आणि पावसाशी माझं नातं जरा जास्तच जवळचं आहे.

१०० एमबीपीएस पुरून उरतात. व्हिडिओ कॉलला दोन-तीन लागतात, नुसत्या आवाजाला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. ‘स्पीड कमी म्हणून काम अडलं’ असा एक दिवस मला आठवत नाही. ‘काहीच नाही म्हणून अडलं’ असे पुष्कळ आठवतात. तेव्हा स्पीड सोडा. एक सकाळ मोकळी काढा आणि घरातून निघालेली ती बारीक काळी वायर कुठून कुठे जाते, ते तिच्या मागोमाग चालत जाऊन बघा. पडवीतून बाहेर, पाखाडीच्या कडेने, खांबावरून खांबावर, मध्ये कुणाच्या तरी माडाला बांधलेली, असं करत ती रस्त्याकडेच्या डबीपर्यंत जाईल. त्या डबीत स्प्लिटर असतो. एका फायबरमधला उजेड तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटतो. माझ्या घरापासून डबीपर्यंत चौदा खांब, तीन माड आणि एक रातांबा आहे. ज्या माडाला वायर बांधलीय तिथून नारळ उतरवतात तेव्हा काय होतं, हे मी तीनदा अनुभवलंय. झावळ पडून तुटते, वानरं लोंबकळून तुटते, खारीला तर तिचं वरचं आवरण बहुधा गोडच लागत असावं.

फायबर बसवायला येईल त्या मुलाकडे पॉवर मीटर असतो. त्याला रीडिंग विचारा आणि मोडेमशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा. ते डीबीएममध्ये असतं आणि उणे असतं. उणे १८ ते उणे २२ असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास गेलं की मोडेमला उजेड दिसेनासा व्हायला लागतो आणि ‘एलओएस’चा दिवा लाल होतो. बऱ्याच मोडेमचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, तिथेही हा आकडा दिसतो. मी दर रविवारी बघतो. मेमध्ये उणे २० असलेला आकडा जुलैत उणे २५ झाला, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय किंवा वायर कुठेतरी काटकोनात दुमडलीय. लाइन चालू असतानाच तक्रार केलेली बरी. बंद पडल्यावर तक्रार कराल तेव्हा तुमच्या आधी सत्तर जणांनी केलेली असते.

आता खांबांबद्दल. पहिल्या पावसाळ्याआधी मी स्वतःला भलता हुशार समजत होतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतलं, एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाणारा राउटर बसवला, ऑफिसला ऐटीत कळवलं की आमच्याकडे आता दोन लाइनी आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री वाऱ्याने शेजारच्या परड्यातली फणसाची फांदी मोडली आणि खांबावर आली. त्या एका खांबावर विजेची तार होती, माझं पहिलं फायबर होतं आणि दुसरंही होतं. तिन्ही एकदम गेली. इन्व्हर्टरवर दिवे चालू, मोबाइलला रेंज, म्हणून मी निवांत झोपलो. पण गावच्या टॉवरलाही वीज त्याच फीडरवरून, म्हणजे विजेच्या त्याच मुख्य तारेवरून येते, आणि त्याच्या बॅटऱ्या काही तासच ओढतात. पहाटे दोनच्या सुमारास फोन वाजला. सहकारी एवढंच म्हणाला, ‘डिस्क भरलीय, डेटाबेस...’ आणि रेंज गेली ती गेलीच.

लॅपटॉप तांदळाच्या प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळला, स्कूटर काढली आणि सड्यावर गेलो. सड्यावर झाड नाही की घर नाही, नुसता जांभा आणि वारा. पण तिथून खाडीपलीकडे जयगडच्या बाजूचे दिवे दिसतात आणि त्या बाजूच्या टॉवरची रेंजही मिळते. एका हातात छत्री, मांडीवर गोणी, गोणीत हात घालून मी टाइप करतोय. पंधरा मिनिटांनी सर्व्हरवर पोचलो तर डिस्क अर्धी रिकामी, डेटाबेस व्यवस्थित चालू. आमच्या टीममधल्या नागपूरच्या मुलाने जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या साठलेल्या नोंदी, उडवून सगळं सुरू केलं होतं आणि तो परत झोपलाही होता. मे महिन्यात मी चार दिवस सुट्टीवर जाणार होतो म्हणून त्याला सगळे अधिकार आणि दोन पानांची टिपणं देऊन ठेवली होती. परत घ्यायची राहून गेली होती. माझ्या आळसाने त्या रात्री कंपनी वाचली.

तेव्हापासून मी दुसरी लाइन म्हणजे दुसरी वायर असं धरत नाही. एकाच फांदीने दोन्ही गोष्टी जात असतील तर ती एकच गोष्ट. आता माझ्याकडे फायबर एकच आहे. छपरावर फोरजी राउटरचा दिशा धरणारा अँटेना आहे, तो गावच्या टॉवरकडे नाही, खाडीपलीकडे रोखलेला आहे. त्याचा स्पीड रडतखडत असतो, विशेषतः झाडं ओली असली की, पण त्याची वीज आणि त्याचे खांब वेगळे. आणि तिसरी लाइन तो नागपूरचा मुलगा. ज्याच्या डोक्यावरचा पाऊस आपल्या पावसाशी जोडलेला नाही असा एक माणूस तुमच्या टीममध्ये शोधून ठेवा. उन्हाळ्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला जातो आणि त्याच्याकडची लाइट जाते, तेव्हा त्याची पाळी मी करतो. हवामान खात्याने रत्नागिरीला रेड अलर्ट दिला की न विचारता पाळी त्याच्याकडे जाते. हे आम्ही लेखी ठरवून टाकलंय, कारण ऐन वेळी मदत मागायला माणसाला लाज वाटते.

याच हिशोबातली एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: ओटीपी. फायबर चालू आहे, लाइट आहे, पण टॉवर झोपलाय. ऑफिसच्या व्हीपीएनचा, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कात शिरायच्या दाराचा, ओटीपी एसएमएसने येतो, म्हणजे येत नाही. घरात १०० एमबीपीएस आणि तुम्ही दाराबाहेर! फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून ठेवा, म्हणजे कॉल आणि बऱ्याचदा एसएमएसही फायबरवरून येतात. त्याहून बरं म्हणजे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप. त्याला नेटवर्क लागतच नाही. आधी ठरलेला गुप्त आकडा आणि घड्याळ एवढ्यावर ते कोड काढतं. अडीनडीचे बॅकअप कोड कागदावर लिहून आमच्याकडे रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलेत. तो डबा घरात सगळ्यात जपला जातो.

कामाच्या सवयीही थोड्या बदलाव्या लागतात. मी सर्व्हरवर काही करतो ते टीमक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आत करतो. म्हणजे माझी लाइन तुटली तरी चालू काम तिकडे चालूच राहतं आणि मी नंतर येऊन बसलो की पडदा जिथे सोडला तिथेच मिळतो. डळमळत्या मोबाइलवर, सर्व्हरला दुरून जोडायला नेहमीच्या एसएसएचऐवजी मॉश वापरतो. आयपी बदलला तरी ते जोडणी सोडत नाही. लागणारी कागदपत्रं, सॉफ्टवेअरच्या मोठ्या इमेज-फाइली, पॅकेजं सगळं घरच्या डिस्कवर. आणि जूनचा पहिला पंधरवडा कुठलाही मोठा बदल हाती घेत नाही. त्या पंधरा दिवसांत वारा सगळ्या कच्च्या फांद्या, कच्चे खांब आणि कच्चे जोड शोधून काढतो; नंतर सप्टेंबरपर्यंत तुलनेने बरं जातं.

इन्व्हर्टरचा हिशोब सोपा आहे. दुकानदार ‘चार पंखे, सहा ट्यूब’ असं सांगेल, ते ऐकू नका. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणजे राहिले ९००. इन्व्हर्टर स्वतः काही खातो, हातात साडेसातशे धरा. लॅपटॉप ४५ वॉट, मॉनिटर २५, मोडेम-राउटर १२, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०, एक एलईडी दिवा ८; मिळून १२०. सहा तास झाले. रोजच्या जाण्या-येण्याला एवढं भरपूर. गोची दुसऱ्या दिवशी होते. ही बॅटरी पुन्हा भरायला दहा-बारा तास लागतात आणि पावसात लाइट येते दोन तास, जाते चार तास. दुसऱ्या संध्याकाळी बॅटरी पाव असते. म्हणून मोडेमला वेगळा छोटा १२ व्होल्टचा मिनी-यूपीएस द्या, मॉनिटर बंद करून लॅपटॉपच्याच पडद्यावर बसा, आणि पैसे असतील तर लिथियम घ्या. ती जास्त खोल उतरते आणि लवकर भरते. सोलर जरूर बसवा, पण जुलैत त्याच्यावर विसंबू नका. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. त्याला कुठलीच बॅटरी पुरत नाही. तेव्हा लॅपटॉप मिटून घरावरची कौलं गोळा करायची असतात. (पाहुणे हमखास विचारतात, तालुक्यातच अंजनवेलला एवढा मोठा वीजप्रकल्प, मग लाइट कशी जाते? ती वीज आधी मोठ्या वाहिनीने बाहेर जाते. आपल्याकडे येते ती फणसाखालच्या तारेतून.)

विजेपेक्षा विजांची भीती जास्त धरा. मेअखेरच्या संध्याकाळी आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात आमच्याकडे जो कडकडाट होतो, त्यात फायबर स्वतः काही करत नाही, कारण काचेतून वीज वाहत नाही. तांब्यातून वाहते. मी घरातून गोठ्यापर्यंत चाळीस मीटर लॅन केबल नेली होती, तिथे कॅमेरा लावायला. जवळच वीज पडली, केबलला हातही न लावता, आणि राउटरचे चारही पोर्ट गेले, कॅमेरा गेला, लॅपटॉपचा लॅन पोर्ट गेला. दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको. तेवढ्या अंतराला फायबर आणि दोन टोकांना फायबर लॅनला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावा. अर्थिंग मे महिन्यात तपासून घ्या, पावसात नाही. जांभ्याची जमीन कोरडी असली की रोध चढतो. इलेक्ट्रिशियन ऑगस्टात मोजून ‘छान आहे’ म्हणेल आणि मेमध्ये, नेमक्या विजा पडतात तेव्हा, तीच अर्थिंग नावाला उरलेली असेल. आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बाबा तुळशीबरोबर रोज एक तांब्या ओततात. आणि ढग गडगडायला लागले की सरळ प्लग काढा, सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

दमटपणाचं एवढंच सांगतो की चालू यंत्र टिकतं, ठेवलेलं मरतं. रोजचा लॅपटॉप आपल्याच उष्णतेने कोरडा राहतो. जपून कपाटात ठेवलेला जादा लॅपटॉप सप्टेंबरात काढलात तर कळांना बुरशी आणि चार्जिंगच्या पिनेवर हिरवा गंज. तो रविवारी तासभर चालवायचा. हार्ड डिस्क, केबली, जादा अडॅप्टर पापडाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलसकट. जेल ओलं झालं की मंद आचेवर कढईत परतून घ्यायचं. आई म्हणते, तुझा हा रवा काही खरपूस होत नाही. वापरात नसलेल्या यूएसबीच्या खाचांना रबरी टोप्या लावा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. विनोद नाही हा, नवा डॉक गेला माझा.

कामाची खोली कौलाखाली घ्या, पत्र्याखाली नको. तुम्हाला वाटेल, उन्हाळ्यात तापतो म्हणून सांगतोय. तेही आहेच, पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मीटिंगमध्ये समोरच्याला धबधब्याखाली उभा असलेला माणूस ऐकू येतो. तोंडाशी माइक येणारा हेडसेट घ्या, लॅपटॉपचा माइक विसरा.

पुण्याला जायचं तर चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, सातारा. सात-आठ तास धरून चाला. घाटात रेंज नसते, आणि पावसात दरड आली की घाटच नसतो. म्हणून जुलै-ऑगस्टात ‘सकाळी दहाला ऑफिसात हजर’ असं कधी कबूल करू नका. आदल्या दिवशी निघायचं आणि मुक्काम करायचा. एसटीत मी पडद्याकडे बघत काम करत नाही. मळमळतं, आणि कुंभार्लीत तर शेजारच्यालाही मळमळतं. त्या वेळात न टाळता येणारे फोन तेवढे करतो, तेही घाटाच्या आधी. मुंबईचं काम असलं तर चिपळूणहून रेल्वे. कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, रत्नागिरीच्या बाजूला करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा. गाडीत ऑनलाइन मीटिंग घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मी आदल्या रात्री दुसऱ्यांचा कोड उतरवून घेतो, गाडीत वाचतो, शेरे लिहितो आणि स्टेशन आलं की पाठवून देतो. असं एकाग्र वाचन घरीही होत नाही. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात, ते जूनमध्ये आठवणीने बघा. आणि एक ध्यानात ठेवा: इकडून बाहेर पडायची बहुतेकांची वाट चिपळुणातूनच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा रस्ता, रेल्वे, बाजार सगळं एकदम थांबलं. हाही एक खांबच म्हणायचा. रत्नागिरीला जायला तवसाळ-जयगड फेरी, दापोलीला जायला धोपावे-दाभोळ, या दोन्ही वाटा माहीत असू द्या, पण खाडी खवळली की त्याही नाहीत.

राहिलं घर. काम होतं, पण तुम्ही काम करताय हे पटवायला वर्ष जातं. शेजारचे काका दाराशी उभे राहून विचारतात, ‘घरीच आहेस ना? मग जरा ये.’ कुणाचा सातबारा काढायचा असतो, कुणाची रेशनची केवायसी, कुणाच्या मुलाने मुंबईहून पाठवलेला फोन ‘आवाज करत नाही’ म्हणून. सुरुवातीला मी चिडायचो. मग शनिवारी सकाळी नऊ ते अकरा ओटीवर बसायला लागलो, सगळ्यांसाठी. आता इतर दिवशी फारसं कुणी येत नाही, आणि फांदी पडली की वायरमनच्या आधी वाडीतले चार जण कोयते घेऊन हजर असतात. त्यांना माहीत झालंय की ह्याचं हापिस त्या तारेत आहे. आई-बाबांना मी पंच्याचा नियम केलाय: दारावर लाल पंचा टांगला असेल तर मी बोलत असतो, आत यायचं नाही. बाबा पाळतात. आई पंचा वाळला म्हणून घडी करून ठेवते.

गणपतीत सुट्टी टाका, वाद घालू नका. सगळे चाकरमानी येतात, गावचा टॉवर कोंडतो, घरात पंधरा माणसं आणि आरतीला ढोलकी. त्या पाच-सात दिवसांत केलेलं काम पुन्हा करावं लागतं. मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस असतील तर निदान दुपारच्या मीटिंगा ठेवू नका, ओटी खोक्यांनी भरलेली असते.

शेवटी, ठरवायला डिसेंबरात येऊ नका. डिसेंबरात इथे सगळ्यांचंच सगळं चालतं. जुलैत तीन आठवडे रजा न टाकता या, ऑफिसला ‘प्रयोग आहे’ म्हणून सांगा आणि काम करून बघा. वायरीच्या मागोमाग चालायचं असेल तर मी येईन बरोबर, तुमच्या वाडीतले खांब मलाही बघायचेत. येताना चिपळुणात बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन घ्या; आमच्याकडे जुलैत संपलेलं असतं.